ओल कुठून आली? एका कोऱ्या घराच्या तपासणीची हकीकत

घर तयार होते. रंगाचा शेवटचा हात मारून झाला होता, फरशी पुसून लख्ख केली होती, दारांच्या मुठींवरचे प्लास्टिक अजून निघाले नव्हते. ताबा घ्यायला दहा दिवस उरले होते. घर घेणाऱ्या कुटुंबातल्या मुलाने मला फोनवर सांगितले ते थोडक्यात असे : मागच्या बेडरूमच्या एका भिंतीला, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइल्सच्या पट्टीच्या) थोडे वर, रंगाला चार-पाच फोड आले आहेत. साइट इंजिनिअर येऊन बघून गेला. ‘नव्या बांधकामाची ओल आहे, दोन महिन्यांत सुकेल, मग रंगाचा हात फिरवून देऊ,’ असे म्हणाला. मुलाला ते पटले होते. आईला पटले नव्हते.

मी तपासणीला गेले तेव्हा काकू, म्हणजे त्याची आई, त्या भिंतीपाशीच उभ्या होत्या. “ताई, फोडांचं सोडा. सकाळी कुलूप काढून आत आले की या एका खोलीत वास येतो. दुसऱ्या बेडरूममध्ये येत नाही. दोन्हींचं प्लास्टर एकाच महिन्यात झालंय. मग ती सुकली आणि हीच का ओली राहिली?”

ताब्याआधीची तपासणी हे माझे रोजचे काम आहे, पण इतका नेमका प्रश्न घरमालकाकडून क्वचित येतो. हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे ते त्या प्रश्नासाठी. दुसरेही एक कारण आहे. या घरात जे दोष सापडले त्यांपैकी बहुतेकांत कुणा एका कारागिराचे काम वाईट म्हणावे असे नव्हते. गवंडी, प्लंबर, टाइल्सवाला, अॅल्युमिनिअमच्या खिडक्या बसवणारा, सगळ्यांनी आपापले काम बरे केले होते. एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते त्या सांध्यात मात्र कुणीच पाहिले नव्हते.

साइट इंजिनिअर खोटे बोलत नव्हता

हे आधी सांगायला हवे, कारण घर घेणारा माणूस धास्तावलेला असतो आणि समोरचा आपल्याला फसवतोच आहे असे धरून चालतो. नव्या घरात पाणी असतेच. सिमेंटची रासायनिक क्रिया पूर्ण व्हायला सिमेंटच्या वजनाच्या साधारण ३८ ते ४० टक्के पाणी पुरते. पण काँक्रीट साच्यात नीट भरता यावे म्हणून ४५ ते ५५ टक्क्यांपर्यंत पाणी घातले जाते. त्यावर क्युरिंगचे, म्हणजे सिमेंट पक्के होईपर्यंत वरून मारलेले पाणी, प्लास्टरचे पाणी, टाइल्सखालच्या मसाल्याचे पाणी. हे जास्तीचे पाणी शेवटी हवेतच उडून जावे लागते आणि ते सावकाश जाते. काँक्रीट सुकण्याचा जुना ठोकताळा २५ मिमी जाडीला एक महिना असा आहे. तेव्हा नव्या भिंतीला हात लावला आणि गार लागले, एवढ्यावरून कुणावर दोष ठेवता येत नाही.

फरक ओलीच्या वागण्यात असतो. बांधकामाची ओल साधारण भिंतभर सारखी पसरलेली असते आणि आठवड्यागणिक कमी होत जाते. गळतीच्या ओलीला उगम असतो. एका जागी ती सर्वात जास्त असते, तिथून दूर जाताना उतरत जाते आणि जिथे ती सुकू लागते त्या कडेवर क्षारांची पांढरी रेघ उमटते. पाण्याचा वापर झाला की ती वाढते, थांबला की ओसरते. म्हणून ‘भिंत ओली आहे का’ हा प्रश्न अपुराच आहे. ओलीचा आकार कसा आहे आणि तो दिवसागणिक कसा बदलतो, हे विचारावे लागते.

त्यासाठी भिंतीवर खडूने २०० मिमीच्या चौकटी आखल्या आणि प्रत्येक छेदावर ओलावामापकाच्या दोन सुया टेकवून आकडे घेतले. हे यंत्र दोन सुयांमधला विद्युतरोध मोजते. त्याची मोजपट्टी मुळात लाकडासाठी केलेली असते, त्यामुळे प्लास्टरवर आलेला आकडा म्हणजे पाण्याची खरी टक्केवारी नव्हे. अनेक अहवालांत ‘भिंतीत २२ टक्के पाणी’ असे छापलेले मी पाहिले आहे. ते चुकीचे आहे आणि समोरच्या जाणकार माणसाने तेवढ्या एका वाक्यावर अख्खा अहवाल बाजूला सारला तर त्याला दोष देता येत नाही. आकडा तुलनेसाठी वापरायचा. तुलनेला इथे आयती भिंत होती : दुसऱ्या बेडरूममधली, तशाच बाथरूमला लागून असलेली, त्याच महिन्यात प्लास्टर झालेली. काकूंनी प्रश्नातूनच ती सुचवली होती.

त्या भिंतीवर सगळीकडे ९ ते ११ च्या दरम्यान आकडे आले. तक्रारीच्या भिंतीवर ४५० मिमी उंचीच्या वर तसेच, ९ ते ११. खाली मात्र आकडे चढत गेले आणि कोपऱ्यापासून ६०० मिमीवर, स्कर्टिंगच्या लगेच वर, यंत्राची पट्टीच संपली. समान आकडे रेघेने जोडले तेव्हा कागदावर डोंगर उभा राहिला : खाली रुंद पाया, वर एकच टोक. बांधकामाची ओल असा डोंगर काढत नाही.

दोन फसव्या खुणा

थर्मल कॅमेऱ्याबद्दल लोकांच्या मनात फार मोठी अपेक्षा असते. मुलानेही पहिल्यांदा तेच विचारले, “तो कॅमेरा आणलाय ना?” आणला होता. त्याच्या पडद्यावर छतालगत एक लांब निळा पट्टा दिसला आणि मुलाचा चेहरा उतरला. घर वरच्या मजल्यावरचे, त्यामुळे गच्चीतून पाणी उतरते आहे असेच त्याला वाटले.

तो बीम होता. थर्मल कॅमेरा पाणी पाहत नाही, तो पृष्ठभागाचे तापमान पाहतो. विल्यम हर्शेलने १८०० मध्ये लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तिथे पारा सर्वात जास्त चढलेला पाहिला. तीच न दिसणारी उष्णता आजचा कॅमेरा चित्रात मांडतो, त्याहून अधिक काही सांगत नाही. काँक्रीटचा बीम जाड आणि जड असतो, तो शेजारच्या विटांच्या भिंतीपेक्षा उशिरा तापतो, म्हणून सकाळी तो निळा दिसतो. दुपारी उन्हे फिरल्यावर पुन्हा पाहिले तेव्हा पट्टा जवळजवळ नाहीसा झाला होता. ओल असती तर सुया टेकवल्यावर आकडा चढला असता, तोही चढला नाही.

गंमत अशी की त्याच बीमच्या खालच्या कडेवर बिनसुयांचा, नुसता भिंतीवर ठेवायचा मापक जोरात वाजत होता. तिथे काँक्रीट आणि वीटकाम जुळतात. दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात, म्हणून भेग पडू नये यासाठी प्लास्टरखाली कोंबडजाळी ठोकतात. मापकाला ती तार जाणवत होती. म्हणजे जाळी नीट ठोकलेली होती, ही चांगलीच बातमी. मी ती अहवालात लिहिलीसुद्धा. जे बरोबर केले आहे ते लिहिले नाही, तर बाकीचे वाचताना बिल्डरची माणसे पहिल्या पानापासूनच बचावाच्या पवित्र्यात जातात.

दाब टिकला, पाणीही टिकले

भिंतीच्या पलीकडे बाथरूम होते, तेव्हा पहिला संशय भिंतीतल्या पाइपांवर. घर टाकीच्या जवळ, वरच्या मजल्यावर. दहा मीटर उंचीच्या पाण्याने जेमतेम एक बार दाब येतो आणि इथे तर टाकीतले पाणी चार मीटरही वर नव्हते. एवढ्या दाबावर बारीक गळती दिसतच नाही. म्हणून शॉवरच्या लाइनला हातपंप जोडून ५ बारपर्यंत दाब चढवला. प्लास्टिकचे पाइप दाबाखाली किंचित फुगतात, त्यामुळे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काटा थोडा उतरतो. तेव्हा घाबरायचे नाही, दाब पुन्हा भरून घ्यायचा आणि तिथून मोजायला सुरुवात करायची. दोन तास काटा हलला नाही. गरम पाण्याची लाइनही तशीच टिकली. पाइप निर्दोष होते.

दुसरा संशय बाथरूमच्या फरशीवर. न्हाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीतले पाणी जायच्या तोंडाला, फुगणारे बूच लावले, उंबऱ्याच्या आतपर्यंत पाणी भरले, पातळीवर चिकटपट्टी लावून खूण केली आणि दाराला कुलूप घातले. शेजारी एका सपाट ट्रेमध्येही पाणी ठेवले. ट्रेमधले पाणी जेवढे कमी होईल तेवढे हवेत उडाले असे धरायचे, त्याहून फरशीवरचे जास्त उतरले तर ते खाली मुरले. २४ तासांनी पाहिले, ४८ तासांनी पाहिले. ट्रेमध्ये आणि फरशीवर घट सारखीच होती. खालच्या मजल्यावरच्या घराचे छत कोरडे. भिंतीवरचा डोंगर होता तिथेच, उलट टोकाशी आकडा एका घराने उतरलेला.

त्या संध्याकाळी मी अहवालाचा मसुदा लिहायला घेतला आणि ‘बहुधा बांधकामाची ओल, चार आठवड्यांनी पुन्हा मोजावी’ या वाक्यापर्यंत आले होते. दोन मोठ्या चाचण्या पार पडल्या की मन तिकडेच झुकते. पण आकडा उतरला कसा? बाथरूमच्या फरशीवर ४८ तास पाणी उभे असताना भिंत सुकत होती. याचा अर्थ, त्या ४८ तासांत जे बंद होते तेच भिंतीला पाणी पाजत होते. बंद काय होते? बाथरूमचा वापर.

पण राहायला कुणी आले नव्हते. मग वापर कोण करत होते?

हे विचारायला दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला गाठले. त्याने सरळ सांगितले, “मॅडम, डबे-ब्रश आम्ही तिथंच धुतो. संध्याकाळी अंगही तिथंच धुतो, शॉवर सोडून. दुसऱ्या बाथरूमला अजून पाणीच सोडलेलं नाही.” दहा-बारा दिवसांपासून चार माणसे रोज त्या शॉवरखाली उभी राहत होती. काकूंचा वास आणि रंगाचे फोड, दोन्हींचा हिशेब तिथे जुळला. दुसरी बेडरूम कोरडी होती याचे एक कारणही कळले : तिथे पाणी वापरलेच गेले नव्हते. ती भिंत तुलनेला धरताना हे मी विचारायला हवे होते. ती चूक माझी.

पाणी भिंतीवर

फरशीवर पाणी भरून ठेवण्याची चाचणी फरशीबद्दल आणि भिंतीच्या खालच्या काही इंचांबद्दल सांगते. शॉवरचे पाणी मात्र भिंतीवर, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर आदळते. तिथली चाचणी कुणी सहसा करत नाही.

ती अशी केली. ट्रॅप उघडा ठेवला, म्हणजे फरशीवर पाणी साचणार नाही. हँड शॉवरने भिंतीवर पट्ट्यापट्ट्याने पाणी मारायचे, सुरुवात सर्वात खालच्या पट्ट्यापासून. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडेच जाते आणि मग नक्की कुठून शिरले ते सांगता येत नाही. प्रत्येक पट्ट्याला वीस मिनिटे, मग वीस मिनिटे थांबायचे आणि पलीकडे बेडरूममध्ये आकडे घ्यायचे. फरशीपासून ३०० मिमी, काही नाही. ६०० मिमी, काही नाही. ९०० मिमी, काही नाही. मग मिक्सरच्या, म्हणजे शॉवरसाठी गरम-गार पाणी मिसळणाऱ्या नळाच्या, उंचीचा पट्टा आला. पाण्यात फ्लुरोसीन हा हिरवट चमकणारा रंग मिसळून मिक्सरच्या गोल झाकणाभोवती पाणी मारले. तासाभरात डोंगराच्या टोकावरचा आकडा चढू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेडरूममधली स्कर्टिंगची एक टाइल काढून अतिनील टॉर्चचा उजेड टाकला, तेव्हा सांध्यातून हिरवी रेघ चमकली. ती पाहायला मुलगा गुडघ्यांवर बसला होता आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

दुसऱ्या बाथरूमचे पाणी मुद्दाम सुरू करून घेतले आणि हीच चाचणी तिथे जशीच्या तशी केली. काहीही नाही. ही दुसरी चाचणी मी फार महत्त्वाची मानते. ती केली नसती, तर ‘एवढं पाणी मारलं तर कुठलीही भिंत ओली होईल’ या आक्षेपाला उत्तर नव्हते.

मिक्सरचे झाकण काढून मागच्या फटीतून बोरस्कोपची, टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी आत सोडली. आत पोकळी होती. पाइपासाठी मारलेली झिरी वरवर मसाल्याने बुजवलेली आणि आत सिमेंटच्या पिशवीचा चुरगळलेला कागद. मिक्सरच्या तोंडाभोवती शिरलेले पाणी त्या झिरीतून नळासारखे सरळ खाली उतरत होते, वॉटरप्रूफिंगच्या थराच्या मागे, आणि तळाशी जाऊन बेडरूमच्या बाजूने बाहेर येत होते. डोंगराचे टोक भिंतीच्या पलीकडे, मिक्सरच्या बरोबर खालच्या रेषेत होते. हे कागदावर पहिल्या दिवसापासून दिसत होते. मी तेव्हा फक्त फरशीकडे पाहत होते.

बदल कुणी मागितला

मुलाला आठवले. “मिक्सर शॉवरच्या बरोबर खाली होता. अंगावर गार पाणी न घेता चालू करता यावा म्हणून आम्हीच तो दाराकडे सरकवून घेतला.”

मागणी अगदी शहाणपणाची होती. ती लेखी दिली होती, मंजूरही झाली होती. अडचण क्रमाची होती. वॉटरप्रूफिंगवाल्याने फरशीवर आणि शॉवरच्या भिंतीवर थर दिला, पाणी भरून चाचणी दाखवली, सही घेतली, त्याचे बिल निघाले आणि तो गेला. त्यानंतर प्लंबर आला. त्याने त्या थरातून नवी झिरी मारली, पाइप सरकवले, दाबाची चाचणी घेतली, तीही पास झाली. मग टाइल्सवाला आला. त्याला समोर सपाट भिंत दिसली, त्याने टाइल्स लावल्या. तिघांच्या कामाच्या तीन नोंदी आणि तिन्ही बरोबर. कापलेला थर पुन्हा जोडायचा, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

झिरीबद्दल आणखी एक गोष्ट. भिंत १०० मिमीची आणि झिरी ५० मिमी खोल होती. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नसावी आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा, असा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे या भिंतीत उभी ३३ मिमीपर्यंत चालली असती. पाणी पलीकडे इतक्या सहज पोचले याला हेही एक कारण होते. इथे मात्र मी प्लंबरला मोकळे सोडणार नाही, पण त्याला रोखणारा सुपरवायझर त्या दिवशी तिथे असायला हवा होता. टाइल्स लागण्याआधी एका माणसाने दहा मिनिटे त्या भिंतीकडे पाहिले असते, तर पुढचे काहीच झाले नसते. माझ्या मते तपासणीची खरी वेळ तीच असते : प्लास्टरआधी एकदा, टाइल्सआधी एकदा. ताब्याच्या वेळी आम्ही आलो की अर्धे घर झाकलेले असते आणि जे झाकलेले आहे ते यंत्रांनी चाचपत बसावे लागते.

बाकीचे घर

उरलेल्या घरात चोवीस नोंदी झाल्या. त्यांतल्या बहुतेक किरकोळ होत्या : काही टाइल्स ठोकल्यावर पोकळ वाजत होत्या, एका दाराची चौकट ओळंब्यात नव्हती, स्वयंपाकघरातल्या ट्रॅपमध्ये ग्राउटचा (टाइल्सचे सांधे भरायच्या मसाल्याचा) गोळा अडकला होता. तीन मात्र किरकोळ नव्हत्या.

सरकत्या खिडक्यांच्या खालच्या चौकटीत पाणी बाहेर जायला बारीक भोके असतात. खिडकीवाल्याने ती ठेवली होती, रंगाऱ्याने लांबीचा हात फिरवताना बुजवली होती. पहिल्या मोठ्या पावसात ट्रॅक भरून पाणी खोलीत आले असते. बाल्कनीचा उतार मीटरला १० मिमी बाहेरच्या ट्रॅपकडे हवा, तो मध्यापर्यंत बरोबर होता आणि दाराजवळच्या दोन ओळींत उलटा. दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन मिस्त्रींनी लावलेल्या ओळी.

तिसरी नोंद जिवाशी संबंधित होती. दोन पॉइंटना अर्थिंगची तार बोर्डापर्यंत आली होती, पण मुख्य पेटीत ती पट्टीला जोडलेलीच नव्हती. एक माणूस तारा ओढून गेला, पेटी दुसऱ्याने बसवली. त्यातला एक पॉइंट गिझरचा होता. आरसीसीबीचे, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, चाचणीचे बटण दाबले की ते उडत होते आणि मुलाने त्यावरच विश्वास ठेवला होता. ते बटण उपकरण स्वतः चालते का एवढेच तपासते, त्याच्यापासून पॉइंटपर्यंतच्या तारेबद्दल ते काही सांगत नाही. प्रत्येक पॉइंटवर यंत्र लावून ३० मिलिअँपिअर सोडून पाहावे लागते, तेव्हा ३०० मिलिसेकंदांच्या आत वीज तुटली पाहिजे. बाजारात मिळणारा तीन दिव्यांचा टेस्टर तुटलेले अर्थिंग दाखवतो, पण न्यूट्रल आणि अर्थ यांची अदलाबदल त्याला कळत नाही. ज्यांना घरी तपासायचे आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. गिझरची नोंद मी अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी फोनवर कळवली आणि तो पॉइंट बंद करून घेतला.

सिलिकॉनने भागेल का

साइट इंजिनिअर तरुण आणि सरळ मनाचा होता. हिरवी रेघ पाहिल्यावर त्याने वाद घातला नाही. पण तोडगा सुचवला तो नेहमीचाच : “मॅडम, मिक्सरच्या झाकणाभोवती सिलिकॉन मारतो. पाणी शिरायची जागाच बंद.”

त्याने गळती काही महिने थांबली असती, हे खरे आहे. सिलिकॉन भिंतीच्या बाहेरच्या बाजूला राहते. साबण, गरम पाणी आणि मिक्सरची मूठ फिरवताना बसणारे हिसके, यांनी ते आज ना उद्या सुटतेच. शिवाय टाइल्सच्या सांध्यांतूनही थोडे पाणी मागे जातेच. ते अडवण्यासाठीच तर मागे वॉटरप्रूफिंगचा थर असतो आणि तो थरच इथे कापलेला होता. वर सिलिकॉन आणि मागे भोक, ही दुरुस्ती झाली नाही.

मग मी अहवालातले एक वाक्य बदलले. आधी लिहिले होते, ‘शॉवरच्या भिंतीचे वॉटरप्रूफिंग सदोष.’ हे वाक्य गेले असते तर वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराला बोलावले गेले असते, त्याने सहीचा कागद दाखवला असता, आणि प्रकरण तिथेच अडून राहिले असते. त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. नवे वाक्य असे : ‘मिक्सरची जागा बदलताना वॉटरप्रूफिंगचा थर कापला गेला व पुन्हा जोडला गेला नाही. झिरी आतून पोकळ. पाणी मिक्सरच्या तोंडाभोवती शिरते व झिरीतून तळाशी उतरते.’ खाली चाचणीचे आकडे, दोन्ही बाथरूमची तुलना, बोरस्कोपचे फोटो आणि दुरुस्तीनंतर कोणती चाचणी पास व्हायला हवी ते. नेमके काय उघडायचे आणि काय झाले की काम पूर्ण मानायचे, हे कळले की काम करणाऱ्या माणसाची निम्मी चिडचिड तिथेच संपते.

ताबा पुढे ढकलायचा का, यावर मायलेकांत मतभेद होता. मुलाने जुन्या घरमालकाला जागा सोडण्याची तारीख दिली होती. मी त्यांना एवढेच सांगितले की टाइल्स फोडण्याचे काम रिकाम्या घरात चार दिवसांत होते आणि माणसे राहायला आली की तेच तीन आठवडे चालते. काकू म्हणाल्या, “मग थांबू.” जुन्या घरमालकाशी त्याच बोलल्या.

उघडले तेव्हा

मिक्सरभोवतीच्या आणि झिरीच्या रेषेतल्या टाइल्स काढल्या. आत कागद, विटांचे तुकडे आणि तळाशी अजून ओला चिखल. झिरी साफ करून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने थराथराने ठासून भरली. त्यावर जुन्या थरावर दोन्ही बाजूंनी १०० मिमी चढेल असा नवा थर, मध्ये जाळीचे कापड. मिक्सरच्या तोंडाला पाइपाभोवती घट्ट बसणारी रबराची गळपट्टी. मग टाइल्स आणि सांध्यांत एपॉक्सी ग्राउट. टाइल्स लावण्याआधी साइट इंजिनिअरने मला बोलावून तो थर दाखवला. मी सांगितलेही नव्हते.

बेडरूमच्या बाजूने ६०० मिमी उंचीपर्यंतचे प्लास्टर काढून भिंत उघडी ठेवली. इथे घाई होते आणि काम बिघडते. ओल्या विटांवर नवे प्लास्टर आणि रंग चढवला की आतले पाणी क्षार घेऊन बाहेर येते आणि सहा महिन्यांत तेच फोड पुन्हा दिसतात. मग सगळे म्हणतात, गळती थांबलीच नाही. भिंत तीन आठवडे उघडी ठेवली, पंखा लावून. नंतर विटेचा भुगा काढून कार्बाइडची चाचणी घेतली : भुग्यातल्या पाण्याचा कॅल्शियम कार्बाइडशी संयोग होऊन वायू तयार होतो आणि बंद बाटलीतल्या त्याच्या दाबावरून पाण्याचे खरे प्रमाण कळते. सुयांच्या मापकावर जो प्रश्न उरतो तो इथे उरत नाही. भुगा कोरडा निघाला, तेव्हाच प्लास्टरला हो म्हटले. भिंतीवर पाणी मारण्याची चाचणीही पुन्हा केली, तोच रंग, तीच वेळ, मिक्सरवर सलग एक तास. दुसऱ्या दिवशी टॉर्चच्या उजेडात काहीही चमकले नाही. प्लास्टर झाल्यावर आणखी चार आठवड्यांनी खडूच्या चौकटी पुन्हा आखून आकडे घेतले. १० ते १२, सगळीकडे.

ते आकडे घ्यायला गेले तेव्हा साइट इंजिनिअर जिन्यातच भेटला. त्याच्या हातात इमारतीची बदलांची वही होती, घरमालकांनी मागितलेल्या सगळ्या बदलांची. त्याने मिक्सर किंवा गिझरचा पॉइंट सरकवलेली घरे पेन्सिलने गोल केली होती. सात. त्यांतल्या चार घरांत माणसे राहायला आली होती, एकाचीही तक्रार आलेली नव्हती. “मॅडम, तुमच्या त्या चाचणीत खालून वर जायचं, बरोबर ना?” असे विचारत त्याने वहीच्या कडेला पट्ट्यांच्या उंच्या लिहून घेतल्या : ३००, ६००, ९००, मग मिक्सर.